सालईटोल्याचं इंजिन

सालईटोला, पो. तळेगाव (श्यामजी पंत)
१८ नोव्हेंबर १९८३

कवडूले भागीरथाचा जोहार.

दिवाळीले तू आला नाई म्हणून सुमित्रानं तुह्यावर राग धरला होता. आता तिचा राग गेला, कारण आपल्या टोल्यात चक्की सुरू झाली. परवा पयलं दळण अनुसयाबाईचं टाकलं. तिचा मान होता. तीच आंजी गावाले लग्नाले गेलती अन् एका घरी शेणाच्या गॅसवर चहा होताना पाहून आलती. आल्या आल्या म्हणे, आपल्या गोठ्यात का शेणाची कमी आहे? तेव्हा सारे हासले होते. पाटलापासून तं गुराख्यापर्यंत सारे. मंग त्याच लोकाईनं खड्डा खोदला, अन् पाच मैलाचा चढ चढून इटा डोक्यावर आणल्या. टाकीचे पत्रे बंडीतून आणले अन् इथीच जोडले.

तुले खरं सांगू, मलेही भरोसा नव्हता. शेण कालवून टाकलं, आठ-पंधरा रोज काहीच नाई. मंग एक रोज खड्ड्यातली पालथी टाकी गॅसनं वर उठली, जशी गाभण म्हैस उठते तशी, हळूहळू. आता घराघरात नळी गेली आहे. माह्या बालवाडीतही दिवा लागते. इंजिन थोडं डिझेल पिऊन सुरू होते अन् मंग गॅसवरच चालते. बायाईले कोठा फाट्याच्या चक्कीवर जावं लागत नाई. डोक्यावर ज्वारी घेऊन घाट उतरायचा, विजेची लाईन नसली तं तिथीच बसायचं, पीठ घेऊन पुन्हा चढायचं, हे सारं सरलं.

इंजिनासाठी साऱ्या टोल्यानं चारोळी इकली, हे तुले मालूमच आहे. बाकी अर्धं तुह्या सरकारी हापिसानं देलं. तुह्ये ते मधुकरराव साहेब खड्डा खोदताना एकदाही नाई आले. चक्की सुरू झाली तं दुसऱ्या रोजी हजर. इंजिनाजवळ उभं राहून फोटो काढला. मी काही बोलली नाई, तुह्यी नोकरी नवीन आहे म्हणून.

सुमित्राले तिसरा महिना लागला. उलट्या होतात, पण बाकी बरी आहे. तुले तिनं काही लिहू नको म्हणलं होतं, तू आल्यावर स्वतः सांगणार होती. माह्याच्यानं राहवलं नाई.

भागीरथा


वर्धा
२ डिसेंबर १९८३

ती. ताईस कवडूचा जोहार.

तुझं पत्र मी ऑफिसात टेबलाखाली धरून वाचलं आणि सुमित्राची बातमी वाचून एकटाच हसत बसलो. शेजारच्या बाबूंनी विचारलं, तर त्यांना चहा पाजावा लागला. तिला म्हणावं, होळीला सुट्टी मिळाली की नक्की येतो. जपून राहा म्हणावं.

चक्कीचं ऐकून ऊर भरून आला. इथे सगळ्यांना ठाऊक झालंय की सालईटोला माझं गाव. मधुकरराव साहेब स्वतः माझ्या टेबलाशी आले. म्हणाले, "मरसकोल्हे, तुमच्या लोकांनी कमाल केली." इतक्या महिन्यांत त्यांनी मला पहिल्यांदा आडनावानं हाक मारली. एरवी 'ए बाबू' म्हणतात.

आणखी एक बातमी आहे. दिल्लीहून मोठे अधिकारी आणि परदेशातले पाहुणे शेणाच्या गॅसचं काम पाहायला जिल्ह्यात येणार आहेत. साहेबांच्या मनात आपल्या टोल्याचं नाव आहे. त्यांची माणसं एखाद्या कामासाठी आली तर सहकार्य करा. यातून रस्ताही मंजूर होऊ शकेल.

साहेबांबद्दल मनात काही धरू नकोस. फोटो काढावाच लागतो, वर पाठवायचा असतो.

तुझा कवडू


सालईटोला
२० डिसेंबर १९८३

कवडू,

तुह्यी माणसं आली. आमी सहकार्य केलं. आता ऐक कसं केलं ते.

सोमवारी मोठी माणसं ज्वारीच्या वावरात होती. टोल्यात आमी बायाच. ट्रक वरपर्यंत येत नाई म्हणून घाटाखाली उभा केला अन् आठ-दहा जण बोल्ट खोलाचे पाने घेऊन वर आले. त्याईच्यातला एक म्हणे, "इंजिन सर्व्हिसिंगले न्यायचं आहे." मी म्हणली, इंजिन तं बराबर चालून राह्यलं. तं म्हणे, "बाई, तुमाले काय समजते त्यातलं?"

अनुसयाबाई चक्कीच्या समोर जाऊन बसली. तवा त्यानं दुसरी गोष्ट काढली. म्हणे, कोठा फाट्यावर पाहुणे येणार आहेत, त्याईले दाखवायसाठी पंधरा रोज पाह्यजे, साहेबाचा हुकूम आहे. मी इचारलं, पाहुण्याले दाखवायचं आहे तं पाहुण्याईले इथी काऊन नाई आणत? तो हासला. म्हणे, "त्याईच्या गाड्या या घाटात चढणार का?"

आमच्या बाया गरोदरपणात चढतात तो घाट.

मी म्हणली, माणसं वावरातून येऊ द्या, मंग बोला. तं त्यानं तुह्यं नाव घेतलं. "कवडू मरसकोल्हे आमच्याच हापिसात आहे, त्याले सारं मालूम आहे." तुह्यं नाव ऐकलं अन् अनुसयाबाई उठली. माह्याकडं पाह्यलं तिनं. मले खाली पाहावं लागलं.

त्याईनं बोल्ट खोलले. इंजिन नेलं, चक्कीचे दगडी पाट नेले, पट्टाही नेला. टाकी तेवढी राह्यली, कारण ती खड्ड्यातून निघाली नाई. एकाचं दळण अर्धं झालं होतं, ते तसंच भुईवर ओतून देलं.

तुले मालूम होतं का? एवढंच सांग. दुसरं काही लिहू नको.

भागीरथा


वर्धा
३० डिसेंबर १९८३

ती. ताईस,

मला ठाऊक नव्हतं. तुझं पत्र येईपर्यंत काहीच ठाऊक नव्हतं. मी साहेबांकडे गेलो. त्यांनी दार लावून घेतलं आणि मला शांतपणे समजावलं.

म्हणणं असं आहे, की कोठा फाटा हमरस्त्यावर आहे. पाहुण्यांजवळ वेळ कमी. तिथे मांडव टाकता येतो, गाड्या उभ्या राहतात. त्यांना काम आवडलं तर जिल्ह्यात अशी पुष्कळ गावं घेता येतील. म्हणजे एका टोल्याची थोडी गैरसोय, पण फायदा अनेकांचा. ताई, हे म्हणणं अगदीच खोटं आहे असं मला वाटत नाही. ज्वारी भुईवर ओतली हे वाईट झालं. ते मी साहेबांना सांगितलं आणि ते म्हणाले, मी त्या माणसाला बोलतो.

इंजिन परत येईल, त्यांनी शब्द दिला आहे. तोवर पूर्वी दळत होता तसं दळा. इतकी वर्षं काढलीत, हे थोडे दिवस जातील. टोल्यातल्या लोकांना तू समजावून सांग, तुझं ऐकतात.

माझी नोकरी अजून कायम झालेली नाही. त्याचा कागद साहेबांच्याच हातून जाणार आहे. हेही तुला सांगून ठेवतो.

कवडू


सालईटोला
२६ जानेवारी १९८४

कवडू,

आज बालवाडीत झेंडा लावला, लेकराईले गूळ वाटला. मंग लिहाले बसली.

पंधरा रोज होऊन गेले. इंजिन आलं नाई. मी अन् अनुसयाबाई कोठा फाट्याले पाहाले गेलतो. सरपंच बबनराव भले माणूस आहेत, त्याईनं बसवलं, चहा देला. आपलं इंजिन नव्या टिनाच्या शेडात ठेवलं आहे. शेडाले हिरवा रंग मारला. बाजूले एक खड्डा, त्यात पाणी, अन् पाण्यावर एक नवी टाकी. शेण कुठी? मी इचारलं. बबनराव म्हणाले, "बाई, मले इचारू नका. मले म्हणले जागा द्या, मी जागा देली." टाकीत गॅस नाई. इंजिन डिझेलवर चालून राह्यलं. शेण कालवलंच नाई त्याईनं, वास येते म्हणून. हे पाहुण्याईले दाखवणार आहेत, शेणाचा गॅस म्हणून.

अन् आपला गॅस काय होऊन राह्यला ते ऐक. टाकी भरते, वर येते, अन् मंग कॉक उघडून हवेत सोडून द्या लागते. दिव्याले अन् चहाले लागून लागून किती लागणार? लोकाईनं शेण आणणं कमी केलं. जे हासत होते ते आता पुन्हा हासून राह्यले. त्याईले काय सांगू, थोडे रोज थांबा?

सुमित्रा बरी आहे. जड काम करत नाई. तुह्यी आठवण काढते.

भागीरथा


वर्धा
५ फेब्रुवारी १९८४

ती. ताईस,

डिझेलचं तू लिहिलंस ते कुणाजवळ बोलू नकोस. मी चौकशी केली. टाकी नवी असल्यामुळे अजून गॅस धरलेला नाही, पाहुणे येईपर्यंत धरेल, असं सांगतात. तारीख दिल्लीहून पुढे ढकलली, त्यात साहेबांचा दोष नाही.

एक चांगली बातमी आहे. पाहुण्यांना आदिवासी लोकांशी बोलायचं आहे, आणि सगळ्या ऑफिसात गोंडी बोलणारा मी एकटाच. त्या दिवशी दुभाषा म्हणून मला सोबत नेणार आहेत. साहेब म्हणाले, "हे नीट पार पडू द्या, मरसकोल्हे, मग तुमचा कागद मी स्वतः घेऊन जातो." एकदा कायम झालो की खोली बदलतो आणि सुमित्राला इकडे घेऊन येतो. दवाखाना जवळ आहे, बाळंतपण इथेच करू.

तिच्यासाठी एक पातळ घेतलंय, पोपटी रंगाचं. नावाचाही विचार केलाय. मुलगी झाली तर तू ठेव, मुलगा झाला तर मी.

इंजिनाचं मनाला फार लावून घेऊ नकोस. चक्की महिना-दोन महिने नसली तर कुणी मरत नाही.

कवडू


सालईटोला
१२ फेब्रुवारी १९८४

कवडू,

सुमित्रानं मले शपथ घातली होती. ती मी आज मोडून राह्यली, अन् तिले सांगून मोडून राह्यली.

संक्रांतीच्या आदल्या रोजी घरचं पीठ सरलं. मले बालवाडीच्या मीटिंगले आष्टीले जावं लागलं. मी म्हणली होती, मी आल्यावर जाईन. पण सणाचा रोज होता अन् बाकी बाया निघाल्या, तं तीही ज्वारी घेऊन निघाली. जाताना काही झालं नाई. तिथी लाईन नव्हती, दुपारभर बसून राह्यल्या. आपलं इंजिन बाजूच्या शेडात होतं, पण त्यावर दळू देलं नाई. पाहुणे येईपर्यंत खराब होईल म्हणे.

येताना घाटाच्या मधल्या वळणावर गिट्टीवरून तिचा पाय सरकला. ती पोटावर पडली. बायाईनं झोळी करून घरी आणली. संध्याकाळी मी आली तवा सारं होऊन गेलतं. तळेगावची नर्सबाई दुसऱ्या रोजी आली अन् म्हणे, जीव वाचला हेच नशीब. लेकरू गेलं, कवडू. पोरगा होता.

शुद्धीवर आल्यावर तिनं मले काय सांगतलं मालूम आहे? म्हणे, त्याईले सांगू नका, ते साहेबाशी भांडतील अन् नोकरी जाईल. मी तिचं ऐकलं अन् तुले लिहिलं, सुमित्रा बरी आहे. मले वाटलं, इंजिन आलं की मंग सांगू, तेवढाच तुह्या मनाले धीर राहील.

मंग तुह्यं पत्र आलं. चक्की नसली तं कुणी मरत नाई. ते पत्र मी तिले वाचून दाखवत होती, वाचता वाचता थांबली. ती म्हणे, काय झालं, वाचा ना. मी वाचलं. ती उठून पाणी भराले गेली.

पातळ पाठवू नको.

भागीरथा


वर्धा
२५ फेब्रुवारी १९८४

ताई,

घरून येऊन तीन दिवस झाले. तिथे मी तुझ्याशी धड बोललो नाही, कारण तोंड उघडलं की रडू येत होतं आणि सुमित्रासमोर रडायचं नव्हतं. ती मलाच समजावत होती. जेवा म्हणे, तिकडं खानावळीत काय मिळत असंल.

परत येताना त्या वळणावर बराच वेळ बसलो. तिथून खाली कोठा फाट्याचं हिरवं शेड दिसतं. तुम्ही सगळ्या रोज ते पाहत होता.

साहेबांना मी सांगितलं. त्यांनी वाईट वाटल्याचा चेहरा केला, आणि लगेच म्हणाले, "हे पाहुण्यांच्या कानावर जाता कामा नये हं." ताई, मी त्यांच्या टेबलावरचा पेपरवेट हातात घेतला होता. मग खाली ठेवला. मारून काय झालं असतं? इंजिन तिथेच राहिलं असतं आणि मी जेलात.

पाहुणे ९ मार्चला, शुक्रवारी, सकाळी येणार. मी सोबत असणार. मी घरी असताना अनुसयाबाई चुलीजवळ इंजिन परत आणायचं जे बोलल्या ते मी ऐकलं. करायचं तर त्याच दिवशी करा. मी काय करीन ते मला अजून माहीत नाही. भीती वाटते. पण आता तुम्हाला थांबा म्हणणार नाही.

कवडू


सालईटोला
१० मार्च १९८४

कवडू,

इंजिन आलं. काल दिवस मावळताना बंड्या घाट चढून आल्या. पुढं ढोल, मागं साऱ्या बाया, अन् बंडीत इंजिनाजवळ अनुसयाबाई बसलेली, जशी नवरी आणावी तशी. आज सकाळपासून माणसं ओटा बांधून राह्यले.

सुमित्राले ताप होता म्हणून मी जाऊ शकली नाई, हे मले जन्मभर खटकेल. आता जो येते तो अलग सांगते. एक म्हणते कवडूनं साहेबाले शिव्या देल्या, दुसरी म्हणते कवडू थरथर कापत होता, अन् जिजाबाई म्हणते कवडू इंग्रजीत बोलला. सुमित्रा साऱ्याईले इचारून थकली. काय झालं ते तू लिहून पाठव. अन् तुह्यं काय होईल तेही लिहिजो, लपवू नको.

भागीरथा


वर्धा
१४ मार्च १९८४

ताई,

इंग्रजीत नाही बोललो, हिंदीत बोललो. आणि कापत होतो हे खरं आहे.

मांडव, हार, शाळेतल्या मुली लेझीम घेऊन. दोन गोरे पाहुणे, दिल्लीच्या एक बाई अधिकारी, आणि मधुकरराव नव्या कोटात. इंजिन सुरू केलं. साहेब सांगत होते, या गावानं स्वतःच्या कष्टानं हे उभं केलं. मी मागे उभा होतो, आणि मला फाट्याकडून आपल्या बाया येताना दिसल्या. प्रत्येकीच्या डोक्यावर ज्वारीची पाटी. गडबड नाही, घोषणा नाहीत. आल्या आणि चक्कीसमोर रांगेनं पाट्या ठेवून बसल्या.

साहेब बबनरावांना म्हणाले, यांना हलवा. बबनराव म्हणाले, "साहेब, दळण घेऊन आलेल्या बाईले चक्कीवरून कसं हाकलू?"

दिल्लीच्या बाईंनी विचारलं, "ये कौन हैं?" साहेब म्हणाले, आजूबाजूच्या आदिवासी महिला, स्वागताला आल्यात. तेव्हा अनुसयाबाई उठल्या आणि गोंडीत बोलायला लागल्या. ताई, तुला ठाऊक आहे, त्या मराठी आपल्यापेक्षा चांगलं बोलतात. पण गोंडीतच बोलल्या, आणि माझ्याकडे पाहून बोलल्या. साहेबांनी माझा दंड धरला. हळूच म्हणाले, "सांग, आभार मानताहेत."

 मी दंड सोडवून घेतला आणि अनुसयाबाई म्हणाल्या तसंच हिंदीत सांगितलं. म्हणालो, "ही बाई म्हणते, हे इंजिन आमचं आहे. आम्ही चारोळी विकून घेतलं. ते आमच्याकडून पंधरा दिवसांसाठी नेलं आणि परत दिलं नाही. आमचं शेण वर आहे, गॅस वर आहे. इथल्या टाकीत काही नाही, उघडून पाहा." मग त्यांनी सुमित्राचं सांगितलं. नाव नाही घेतलं, आमची एक सून म्हणाल्या. तेही मी सांगितलं. सांगताना मधे थांबावं लागलं. दिल्लीच्या बाईंनी विचारलं, "आप क्यों रो रहे हैं?" मी म्हणालो, "वो मेरी घरवाली है."

 एका गोऱ्या पाहुण्यानं टाकीजवळ जाऊन कॉक उघडला. वाससुद्धा आला नाही. मग त्यानं साहेबांकडे वळून पाहिलं.

साहेब म्हणाले, गैरसमज झाला, इंजिन उद्या पोचवतो. अनुसयाबाईंना मराठी लगेच आली. म्हणाल्या, "आज. बंड्या आणल्या आहेत." माणसं रस्त्यापलीकडे बंड्या घेऊन उभीच होती. पाने मात्र कुणाजवळ नव्हते. बबनराव घरात गेले आणि आपल्या मोटारपंपाचे पाने घेऊन आले. पहिला बोल्ट त्यांनीच सैल केला.

मला सोमवारी नोटीस मिळाली. शिस्तभंग, आणि दुभाष्याचं काम चुकीचं केलं म्हणून. चुकीचं म्हणजे कोणतं वाक्य, असं मी लेखी विचारलं आहे.

कवडू


सालईटोला
२९ एप्रिल १९८४

कवडू,

तुह्यी बदली गडचिरोलीकडं, एटापल्लीच्या जंगलात केली, हे सुमित्राकडून समजलं. शिक्षा म्हणून आपल्या माणसाले आपल्याच लोकाईत पाठवते. त्याईच्या नकाशात ती जागा शिक्षेचीच आहे. तिथी जे राहतात, त्याईनं कोणता गुन्हा केला? हे कोणी इचारत नाई.

इकडचं ऐक. तुह्या साहेबानं तक्रार केली, सरकारी मालमत्ता चोरली म्हणून. पोलिसाचा जमादार आला. साऱ्या टोल्याले गोळा केलं. अनुसयाबाईले म्हणे, "इंजिन कोणं चोरलं?" ती म्हणे, "पोरगी माहेरी आली तं तिले चोरली म्हणता का तुमी?" जमादार गॅसवरचा चहा पिला, चक्की चालताना पाह्यली, अन् जे सांगतलं ते लिहून घेतलं. भला होता. पण केस झालीच. आता आष्टीले तारखा पडतात. प्रत्येक तारखेले बायाईचा एक रोज बुडते, अन् साहेबाचा भत्ता निघते.

दुसरं ऐकशील तं तुले खरं वाटणार नाई. एका सरकारी पुस्तकात त्या रोजचा फोटो छापला. बालवाडीच्या डाकेत आलं ते पुस्तक. अनुसयाबाई हात वर करून बोलून राह्यली अन् खाली लिहिलं आहे, कोठा फाटा येथील ग्रामस्थ महिला गोबरगॅस प्रकल्पाबद्दल आनंद व्यक्त करताना. मी वाचून दाखवलं. तिनं पुन्हा वाचाले लावलं. मंग म्हणे, "माह्या रागाले आनंद म्हणते का हे?" सालईटोल्याचं नाव अख्ख्या पुस्तकात नाई.

मी त्या पुस्तकवाल्याईले पत्र लिहिलं आहे. उत्तर आलं नाई तं पुन्हा लिहीन.

सुमित्रा तुह्यासंगं येतो म्हणते. मी म्हणली, अजून तब्येत नाई. तं म्हणे, इथी मले ते वळण रोज दिसते.  तिले घ्याले ये. तुह्यावरचा माहा राग गेला आहे, हे लिहावं लागते का?

भागीरथा


एटापल्ली, जि. गडचिरोली
१६ ऑगस्ट १९८४

ताई,

तुले दोन महिने पत्र नाई पोचलं, कारण नाल्याले पूर होता. आमी दोघंही बरे आहोत. सुमित्रा आता खाते-पिते. शेजारच्या बाया तिले झिंगे आणून देतात, अन् तिची गोंडी ऐकून हासतात, आपले बरेच शब्द अलग आहेत म्हणून.

हापिस म्हणजे एक खोली. वरचा साहेब महिन्यातून एकदा येते. मी गावाईत फिरतो, कागद भरतो. इथी विजेचा खांबही नाई, रॉकेलही पोचत नाई. मागच्या महिन्यात एका गावात अंधारात बाळंतपण झालं, पेटलेलं लाकूड धरून. सुमित्रा तिथी होती.  दुसऱ्या रोजी सकाळी स्वतःच त्या गावात गेली अन् तिथल्या बायाईले आपल्या टोल्याचं सारं सांगून आली. शेण, खड्डा, टाकी, दिवा. अन् इंजिन नेलं तेही. संध्याकाळी त्या गावचा पाटील माह्या दारात आला. म्हणे, तुही बायको म्हणते ते खरं आहे का?

मी त्या गावात गॅसची टाकी पाह्यजे म्हणून वर कागद पाठवला. उत्तर आलं, या भागातील लोक अशा प्रकल्पासाठी अद्याप तयार नाहीत. पाटलाले हे वाचून दाखवलं. तो मंग म्हणे, "आमी तयार नाई, हे त्याईले कोणं सांगतलं? आमाले तं कोणी इचारलं नाई."

त्याले काय उत्तर देऊ, ताई? मले टाकीचं माप मालूम आहे, खड्डा कसा बांधते ते मालूम नाई. त्या वक्ती मी वर्ध्यात होतो.

कवडू


सालईटोला
२० सप्टेंबर १९८४

कवडूले अन् सुमित्राले जोहार.

पाटलाले सांग, खड्डा खोदाले सुरुवात करा. जागा गोठ्याजवळ, पण विहिरीपासून दूर पाह्यजे. इटा नसतील तं माती कशी आहे ते पाहून तिथीच भाजू.

काल टोल्याची बैठक झाली. तुह्यं पत्र मी साऱ्याईले वाचून दाखवलं. "तयार नाहीत" हे वाचलं तवा लोकं उठूनच उभे राह्यले, जसं आपल्याच तोंडावर कोणं म्हणलं. दसरा झाला की आमी निघतो. मी, जिजाबाई, टाकी जोडणारा तिचा नवरा, अन् अनुसयाबाई. तिले नको म्हणलं होतं, वय झालं म्हणून. पण तिचं गाठोडं बांधून तयार आहे. दसऱ्यानंतर आष्टीले तारीख आहे, ती बाकीच्या बाया पाहून घेतील. गावाच्या वर्गणीतून मोटारीचं तिकीट निघालं.

तुह्या वरच्या साहेबाले सांगायचं तं सांग, नाई तं नको सांगू. परवानगी आमी कोणाले मागतली नाई. ज्या गावानं बोलावलं, त्या गावात येऊन राह्यलो.

नाल्यावर कोणाले तरी घ्याले पाठवजो. आमाले तिकडची वाट मालूम नाई.

भागीरथा